घरपोच औषध आणि त्याची जबाबदारी

व्ही. पी. ने येणारी औषधे आपल्यातील वयस्कर मंडळींना आठवत असतील. वर्तमानपत्रात जाहिरात यायची, पोस्टमन पुडके आणायचा, आणि गुण आला नाही तर दाद कोणाकडे मागावी हे कोणालाच ठाऊक नसे. अशा जाहिरातींना आवर घालण्यासाठी १९५४ साली औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. आज चिठ्ठीचा फोटो मोबाईलवरून पाठवला की गोळ्या दारात येतात. प्रश्न मात्र तोच आहे : दाद कोणाकडे मागायची?

आपला औषधांचा कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे. त्यांचा सारा पाया दुकान हा आहे. परवाना ठराविक जागेसाठी मिळतो. चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रोग्याचे नाव व पत्ता लागतो. एकदा दिलेली चिठ्ठी डॉक्टरने तसे लिहिल्याशिवाय पुन्हा चालत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचे औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्यावर सोपवले. काही प्रतिजैविके व क्षयाची औषधे २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आली. ती कोणी लिहिली, कोणाला दिली, याची वेगळी वही तीन वर्षे ठेवावी लागते. म्हणजे प्रत्येक गोळीमागे एक नाव आणि एक पत्ता असावा, हा कायद्याचा हेतू.

नेटवरचा व्यापारी म्हणतो, “मी विकत नाही, ग्राहकाची नि दुकानदाराची गाठ घालून देतो.” आम्हां कामगारांना ही भाषा नवी नाही. “मजूर माझे नव्हेत, कंत्राटदाराचे,” असे मालकाने म्हणावे, तसलाच हा प्रकार. नफा घेताना पुढे आणि जाब देताना मागे!

सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये नियमांचा मसुदा काढला. नेटवरच्या औषधविक्रेत्याने केंद्राकडे नोंदणी करावी, गुंगीची व मनोविकारांवरची औषधे विकू नयेत, रोग्याची माहिती बाहेर फोडू नये, असे त्यात होते. त्याच वर्षी १२ डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना होणाऱ्या अशा विक्रीला मनाई केली. पुढे सहा वर्षे उलटून गेली तरी त्या मसुद्याचे पक्के नियम झाले नाहीत. मार्च २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, परवानाधारक दुकानाला घरपोच औषध देण्याची मुभा मिळाली. पण ती त्याच महसुली जिल्ह्यापुरती, आणि एच-१ यादी वगळून. जबाबदार माणूस रोग्याच्या आवाक्यात राहावा, हे त्यातले शहाणपण.

सरसकट बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला औषध घरी यायला हवे, आणि पगारातून दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला चार पैसे वाचले तर हवेच आहेत. शिवाय कोपऱ्यावरचा दुकानदारही चिठ्ठीवाचून पुष्कळ विकतो, हे आपण सारे जाणतो. नियम दोघांनाही एकच हवा : चिठ्ठी खरी आहे की नाही हे पाहणारा औषधनिर्माता कोण, ते बिलावर लिहिलेले असावे, आणि ज्याच्या नावावर विक्री होते, त्याने चुकीची भरपाई करावी.

तोवर एवढे आपल्या हाती आहे. पुडके आले की बिलावर दुकानाचे नाव, पत्ता नि परवाना क्रमांक पाहावा, वेष्टनावरचा बॅच क्रमांक व मुदत पाहावी. यांतले काही नसेल, तर औषध तोंडात घालण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी, आणि तक्रारीची पोच मागून घ्यावी.