आजारी आजीकडेही देण्यासारखं असतं

घरात आजी अंथरुणाला खिळली की नातवंडांना पहिली सूचना मिळते ती ‘तिला त्रास देऊ नका, बाहेर जाऊन खेळा’ अशी. हेतू चांगला असतो, पण आजारी माणसाला फक्त विश्रांती हवी असते, हे गृहीतक तपासून पाहायला हवं. उज्जैनच्या मराठी घरांत तर ते अधिकच महाग पडतं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला बस्तान हलवलं, त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैन होती, आणि मराठी माणसाचं इथलं वास्तव्य तेवढं जुनं आहे. आज शाळा हिंदी-इंग्रजीत चालते, बाजार हिंदी-माळवीत. मुलाच्या कानावर मराठी पडते ती घरात, तीही बरेचदा आजी-आजोबांच्या तोंडून. त्यांच्या खोलीचं दार मिटलं की मुलाची मराठीही आटते.

बॉस्टन कॉलेजच्या सारा मूरमन आणि जेफ्री स्टोक्स यांनी अमेरिकी कुटुंबांची १९८५ ते २००४ या काळातली माहिती अभ्यासली. आजी-आजोबा आणि मोठी झालेली नातवंडं यांच्यात जिव्हाळा होता तिथे दोघांतही नैराश्याची लक्षणं कमी दिसली. मात्र नुसती मदत घेणाऱ्या, पण देऊ न शकणाऱ्या वृद्धांत ती सर्वाधिक वाढली. तो अभ्यास परक्या समाजातला आणि सज्ञान नातवंडांचा, म्हणून जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. तरी आपण कुणाच्या उपयोगी पडतो ही भावना माणसाला उभं ठेवते, एवढं त्यातून नक्कीच घेता येतं. आठवण हरवत चाललेल्या आजीलाही असं उपयोगी पडता येतं. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख वृद्धांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. त्यातल्या अल्झायमर या प्रकारात बहुधा ताज्या आठवणी आधी जातात, जुन्या पाठांतराला त्या मानाने उशिरा धक्का लागतो. सकाळी काय खाल्लं हे न सांगता येणारी आजी रामरक्षा किंवा पावकी-निमकीचे पाढे अडखळल्याशिवाय म्हणू शकते. नातू ते शिकायला बसला, तर त्या वेळेपुरती आजी रुग्ण राहत नाही.

यावर आक्षेप येतो की मूल घाबरेल, अभ्यास बुडेल. पण आजीतला बदल मुलाला दिसतोच. कारण कळलं नाही, तर ‘माझ्यामुळेच ती चिडते’ असा अर्थ ते स्वतःच लावतं. आजारामुळे तिला नाव आठवत नाही, हे साध्या शब्दांत सांगितलं की भीतीला तोंड देता येतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जवळीक म्हणता म्हणता मुलावर, त्यातही मुलीवर, शुश्रूषेचा भार पडतो. ज्येष्ठांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याने नातवंडांवरही जबाबदारी टाकली, पण अज्ञानांना वगळलं. घरानेही तीच रेघ पाळावी. औषधं, अंघोळ, रात्रीची जाग ही मोठ्यांची कामं. संसर्ग असेल किंवा आजारी माणूस अंगावर धावून येत असेल, तर अंतरही ठेवावं. एरवी आजीला हुशारी वाटते ती वेळ हेरून रोज थोडा वेळ नातवंडाला तिच्याकडे बसवावं, आणि ‘तिची सेवा कर’ म्हणण्याऐवजी ‘तिच्याकडून शिकून ये’ म्हणून पाठवावं.