राबाची धग आणि मातीतले कीटक

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, पानझडी जंगलाला लागून भात पिकवणारा शेतकरी पावसाळ्यापूर्वी रोपांची जागा भाजून घेतो; या भाजणीस राब म्हणतात. शेण, ऐन-किंजळाच्या तोडलेल्या फांद्या म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत असे थर रचून वर बारीक माती पसरली जाते, आणि वारा ज्या टोकाकडे वाहत जातो त्या टोकाला आग लावली जाते, जेणेकरून ती वाऱ्याविरुद्ध सावकाश धुमसत सरकावी व राख उडून जाऊ नये.

या धगीत वरच्या पापुद्र्यातील तणांचे बी, कीटकांची अंडी आणि पाचोळ्यात राहणारे स्प्रिंगटेल, म्हणजे पोटाखालच्या काट्याच्या झटक्याने उडी घेणारे, कीटकांचे सूक्ष्म पंखहीन नातलग, होरपळून जातात. मात्र कोरड्या मातीतून उष्णता फार हळू झिरपते आणि ओलाव्याच्या ओढीने बरेचसे जीव उन्हाळ्यात आधीच खोल गेलेले असतात. त्यामुळे भाजलेल्या वाफ्यात कुदळ घातल्यास वर राख व तांबूस ढेकळे निघाली, तरी त्याखाली मुंग्यांची आणि वाळवीची बिळे शाबूत आढळतात.

राबाचा खरा हिशेब, म्हणूनच, कवळ व पाचोळा जिथून आणला त्या उतारावर मांडावा लागतो. एका लहान वाफ्यासाठी त्याच्या कितीतरी पट जमिनीवरचा पाला गोळा होतो, आणि हा पाला वाळवीचे व भुंगेऱ्यांच्या अळ्यांचे अन्नही असतो आणि छप्परही. तो गेला की उघडी माती आधी उन्हाने तापते, मग पहिल्या सरींनी धुपते. मुंबई इलाख्यात १८८५ साली नेमलेल्या वन आयोगापुढे राबाचा प्रश्न आला, तेव्हा वाद मुख्यतः झाडांचा आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचा होता. त्या झाडांखालच्या मातीचाही विचार तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा होता.

डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी आणि कारळे अशी पिके पाठोपाठ घेऊन ती काही वर्षे पडीक ठेवण्याची रीत होती. या विसाव्यात गवत-झुडपे वाढतात, पाचोळा साठतो आणि शेजारच्या जंगलातून कीटक परततात. बुरशीची शेती करणाऱ्या वाळवीची वारुळे तर शेतकरी सहसा मोडतही नसे, कारण नागपंचमीची पूजा तिथे होई आणि पावसाळ्यात अळंबीही तिथेच उगवे. पडीक वर्षे घटली की ही भरपाई अपुरी राहते. काजूच्या लागवडीसाठी उतार यंत्राने कापून सपाट केला जातो, तिथे राबाच्या धगीपासून बचावलेल्या खोल थरांतील घरटीही उपसून निघतात.