सोळा पौंडांची कोजागिरी

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे ‘थँक्सगिव्हिंग’. लिंकननी १८६३ साली त्याचा जाहीरनामा काढला, तर १९४१ साली कायद्यानं चौथा गुरुवार पक्का झाला. लांब गेलेली मुलंबाळं त्या दिवशी घरी येतात. आपल्या दिवाळीसारखंच म्हणा ना! फक्त फराळाच्या ताटाऐवजी टेबलाच्या मधोमध अख्खी भाजलेली टर्की असते.

१९९६ साली आम्ही न्यू जर्सीत नवे होतो. आठ वर्षांच्या चिरंजीवांनी शाळेतून कागदाची टर्की आणली आणि खरी हवी म्हणून हट्ट धरला. एवढ्यावर थांबले नाहीत, शेजारच्या आजीबाईंना परस्पर आमंत्रणही देऊन आले. आजींचे यजमान त्याच उन्हाळ्यात गेले होते, लेक दूर कॅलिफोर्नियात. त्या ‘येते’ म्हणाल्या. आता माघार नव्हती.

माणशी पौंडभर असा हिशोब सांगतात. आम्ही अकरा जण. उरलेली बरी म्हणून ह्यांनी बुधवारी संध्याकाळी सोळा पौंडांची, म्हणजे सव्वासात किलोंची टर्की आणली. पिशवीतून काढली तर वरवंट्यासारखी टणक! कोल्हापूरहून आलेल्या सासूबाईंनी बोटानं ठोकून पाहिली. “अगं, रात्रभर ओट्यावर ठेव, सकाळी सुटेल,” त्या म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. तरी रात्री दहाला आजींना फोन केला.

त्या जवळजवळ ओरडल्याच. ओट्यावर मुळीच नाही! एवढ्या मोठ्या पक्ष्याचं वरचं मांस कोमट होतं, तेव्हा पोटात बर्फच असतो. तोवर वरच्या भागात जंतू वाढायला लागतात. खरी रीत फ्रीजमधली. दर चार-पाच पौंडांना एक दिवस, म्हणजे आमची टर्की रविवारीच फ्रीझरमधून खाली यायला हवी होती. आता एकच उपाय, गार पाणी. पिशवी घट्ट बांधून टर्की पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं, पौंडाला अर्धा तास. गरम पाण्याचा मोह नको आणि बर्फ सुटला की लगेच भाजायला घ्यायची.

सोळा पौंड, आठ तास! रात्री अकराला टर्की सिंकमध्ये उतरवली. “आई, तुम्ही झोपा,” मी म्हटलं. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. “तू झोप थोडी. कोजागिरीला जागते, तशी आज जागेन.” मग आम्ही पाळ्या लावल्या. मधल्या वेळात त्यांनी आलं-लसूण वाटलं आणि माझ्या लग्नानंतर कधी न सांगितलेल्या त्यांच्या पहिल्या संसाराच्या गोष्टी सांगितल्या. समोर आजींच्या खिडकीतही दिवा होता.

सकाळी सातला बोटं पोटात शिरली. आतून मान आणि कलेजीची पुडी निघाली. ती काढायची राहिली असती तर तशीच भाजली गेली असती! आम्ही सवयीनं पक्षी धुतला. आज मी धूत नाही. त्या शिंतोड्यांनी जंतू ओटाभर होतात, हे नंतर कळलं. आठला ओव्हनमध्ये ठेवली. मांडीत आणि छातीत, जाड भागात, १६५ अंश फॅरनहाइट झाल्याशिवाय बाहेर काढायची नाही, हाही आजींचाच दंडक.

दुपारी आजी आल्या. खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या, “रात्री झोप नव्हती मला. तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा बघून बरं वाटत होतं. कुणीतरी जागं आहे, असं वाटलं.” सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. मी अर्थ सांगितला. त्यांनी काही न बोलता टर्कीचा पहिला तुकडा आजींच्या ताटात वाढला.

आता त्या दोघीही नाहीत. मुलाचं स्वतःचं घर आहे. दरवर्षी नोव्हेंबरात त्याचा फोन येतो, “आई, टर्की फ्रीजमध्ये कधी ठेवू?”

“रविवारी,” मी सांगते. “आणि शेजारी कुणी एकटं असेल तर त्यांना आधी विचार.”