श्वासाकडे परतलेली स्तोत्रे : समकालीन सुषिरवाद्यवृंद व सॅक्सोफोन-चतुष्टय यांसाठीच्या रचनांची एक प्रेरणा

'बँड' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात किंवा पोलिसांचे संचलन उभे राहते. पाश्चात्त्य देशांतही सुषिरवाद्यांच्या समूहाकडे दीर्घकाळ समारंभाचे साधन म्हणूनच पाहिले गेले. ही दृष्टी बदलण्यात अमेरिकेतील महाविद्यालयांचा वाटा मोठा आहे. फ्रेडरिक फेनेल यांनी १९५२ मध्ये रॉचेस्टर येथील ईस्टमन संगीत विद्यालयात 'विंड एन्सेंबल' स्थापन केले. मोठ्या बँडमध्ये एकच स्वरपंक्ती अनेक वादक मिळून वाजवीत. येथे प्रत्येक पंक्तीस साधारणतः एकच वादक ठेवण्यात आला. प्रत्येक वाद्याचा नाद त्यामुळे वेगळा ऐकू येऊ लागला व गंभीर रचनेस वाव मिळाला. या रचनांच्या प्रेरणा अनेकविध आहेत. त्यांपैकी जुन्या धार्मिक गीतांची प्रेरणा विशेष विचारार्ह होय. कारण कंठातून निघालेले गीत येथे श्वासावर चालणाऱ्या वाद्यांकडेच परत येते.

कारेल हुसा (१९२१–२०१६) यांची 'म्युझिक फॉर प्राग १९६८' ही रचना याचे ठळक उदाहरण आहे. मूळचे प्रागचे असलेले हुसा १९५४ पासून अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात अध्यापन करीत होते. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत नेतृत्वाखालील सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसल्याची वार्ता त्यांनी रेडिओवर ऐकली. इथाका कॉलेजच्या बँडसाठी रचना करण्याचे निमंत्रण त्यांच्याकडे होते. ते या रचनेस कारण झाले. जानेवारी १९६९ मध्ये वॉशिंग्टन येथे ती प्रथम सादर झाली.

रचनेचा गाभा पंधराव्या शतकातील हुसपंथीयांचे युद्धस्तोत्र हा आहे. 'देवाचे योद्धे' अशी साद घालणारे हे गीत चेक जनतेस प्रतिकाराची खूण म्हणून परिचित आहे. स्मेतानांनीही आपल्या 'मा व्लास्त' या मालिकेत ते योजले होते. हुसांच्या रचनेत आरंभी टिंपनीवर त्याचे स्वर अगदी मंद उमटतात, तर वर पिकोलो एकाकी पक्ष्यासारखी बोलते. हा पक्षी स्वातंत्र्याचे, तर घंटानाद प्रागच्या असंख्य मनोऱ्यांचे प्रतीक आहे. दुसऱ्या भागात सॅक्सोफोनचा खालच्या सप्तकातील दाट नाद शोकाचे वजन पेलतो. तिसरा भाग केवळ आघातवाद्यांचा आहे. अखेरीस सारा वृंद एकमुखाने स्तोत्र गर्जतो. तरीही ते रचनेत कोठेही पूर्ण येत नाही. हे अपुरेपण हेच या रचनेचे सर्वांत बोलके अंग म्हणावे लागेल. वाद्यवृंदासाठीही हुसांनी तिचे रूपांतर केले. कम्युनिस्ट राजवट १९८९ मध्ये कोसळल्यावर पुढील वर्षी त्यांनी प्रागमध्ये स्वतः तिचे संचालन केले.

सॅक्सोफोन-चतुष्टयाची कथा निराळी. अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसमध्ये एकस्व मिळविले ते एका वाद्याचे नव्हे, तर लहानमोठ्या आकारांच्या एका कुटुंबाचे. सोप्रानो, अल्टो, टेनर व बॅरिटोन यांची रचना एकाच घाटाची असल्याने त्यांचे नाद सहज मिसळतात. चर्चमधील चार आवाजांच्या समूहगीताशी, म्हणजे कोरालशी, त्यांचे नाते त्यामुळे आपोआप जुळते. डेव्हिड मॅस्लांका (१९४३–२०१७) हे बाखचे कोराल नित्यनेमाने पियानोवर वाजवीत व गात असत. त्यांच्या 'माउंटन रोड्स' (१९९७) या चतुष्टयामागे डोंगरातील नव्या रस्त्यांच्या बांधकामाचे एक स्वप्न आहे. घाट मात्र बरोक काळातील कँटाटाचा असून आधार 'सर्व माणसांना मरण आहे' या अर्थाच्या कोरालचा. हुसांच्या तुलनेत हे स्वरविश्व सोपे, क्वचित भाबडेही वाटते, हे मान्य करावयास हवे. परंतु वादकांच्या दृष्टीने ते सोपे नाही. कोरालची प्रत्येक ओळ एका विरामावर थांबते, आणि तेथे चौघांनाही, गायकवृंदाप्रमाणेच, एकाच क्षणी श्वास घ्यावा लागतो.