मुक्याने सोसलेले

दिवाळी अंकात शवागाराची गोष्ट कशाला, असे वाचक विचारतील. पण ही गोष्ट मृतांची नाही. त्यांच्या सहवासात आयुष्य घालवून पुन्हा माणसांत आलेल्या एका गृहस्थाची आहे.

डॉ. रिचर्ड शेफर्ड हे इंग्लंडमधील नामांकित न्यायवैद्यक तज्ज्ञ. खून, अपघात वा संशयास्पद मृत्यू घडला, की शवविच्छेदन करून त्याचे कारण न्यायालयापुढे मांडायचे, हे त्यांचे काम. अशी २३,००० हून अधिक शवविच्छेदने त्यांच्या हातून झाली. १९ ऑगस्ट १९८७ रोजी हंगरफर्ड गावी एका बंदूकधाऱ्याने १६ जणांचे बळी घेतले. ही त्यांची पहिली मोठी कामगिरी. २००२ साली बाली बेटावर बॉम्बस्फोटांत २०२ माणसे दगावली, तेथेही ते गेले. त्या उष्ण हवेत पुरेशी शीतगृहे नव्हती. प्रेते बर्फाने थंड ठेवावी लागली.

या विद्येचा पहिला धडा असा, की भावना दाराबाहेर ठेवाव्यात. हात थरथरला तर पुरावा निसटेल, आणि पुरावा निसटला तर एखादा निरपराध तुरुंगात जाईल. शेफर्डांनी हा धडा इमानाने गिरवला. अशा माणसाला आपण खंबीर म्हणतो आणि निश्चिंत होतो.

पण मन काही विसरत नाही. छंद म्हणून ते विमान चालवीत. एकदा हंगरफर्डवरून जाताना त्यांचा धीर एकाएकी सुटला. पुढे पेल्यातल्या बर्फाच्या खड्यांनी बाली डोळ्यांपुढे उभे केले. २०१६ साली डॉक्टरांनी निदान केले : आघातोत्तर तणावाचा विकार.

उपाय तसा साधाच, पण त्यांना तो फार जड गेला असणार. मानसोपचारकापुढे बसून, इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलायचे. पुढे २०१८ साली ‘अननॅचरल कॉजेस’ हे आत्मकथन लिहून त्यांनी ते साऱ्या जगाला सांगितले.

मी मराठीचा मास्तर. ‘मन मोकळे करणे’ हा वाक्प्रचार वर्गात शेकडो वेळा समजावला. त्याचा खरा अर्थ मात्र या डॉक्टरांनी शिकवला.

तुमच्याही घरी कोणी पोलिसात, इस्पितळात वा अग्निशामक दलात असेल. रात्री येऊन ते मुकाट्याने जेवत असतील. ‘आज काय झाले?’ एवढे त्यांना विचारा. उत्तर लगेच आले नाही, तरी पानावरून उठू नका. थोडे बसा.