शलाकापरीक्षा, मॅट्रिक आणि कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

पोथ्यांच्या संग्राहकांस शलाकापरीक्षेचें नांव अपरिचित नसावें. पोथीच्या सुट्या पानांच्या गठ्ठ्यांत परीक्षकानें शलाका म्हणजे सळई खुपसावी, आणि ती ज्या पानावर थांबेल त्या पानावरील ग्रंथ विद्यार्थ्यानें लावून दाखवावा, अशी ही रीत. मिथिलेंत वासुदेव सार्वभौमांनीं ही परीक्षा दिली अशी परंपरा सांगतात. संस्कृत शास्त्रस्पर्धांत शलाका हा प्रकार आजहि आहे. हिच्यांत 'महत्त्वाचे प्रश्न' निवडून पाठ करण्याची सोय नाहीं, कारण महत्त्वाचें कोणतें हें सळईस ठाऊक नसतें!

पुण्याची श्रावणमासची दक्षिणाहि एका अर्थीं परीक्षाच होती. सेनापति खंडेराव दाभाड्यांपासूनची ही चाल पुढें पेशव्यांनीं चालविली. विद्वानांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणें संभावना मिळे; इतर ब्राह्मणांस पर्वतीच्या रमण्यांत सरसकट दक्षिणा वांटीत. ब्राह्मणेतरांस या परीक्षेचें दार बंद होतें, हा तिचा मोठा दोष झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. राज्य गेल्यावर इंग्रजांनीं ही रक्कम पुष्कळ कमी केली. तिच्याच एका भागांतून १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि १८५१ सालीं मराठी ग्रंथांस पारितोषिकें देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

यानंतर मॅट्रिक आली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालें. प्रारंभीं त्याचें काम शिकविण्याचें नसून परीक्षा घेण्याचें होतें. पहिली मॅट्रिक १८५९ सालीं झाली व तींत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. 'मॅट्रिक्युला' या लॅटिन शब्दाचा अर्थ नांवांची वही. विद्यापीठाच्या पटावर नांव चढविण्यास योग्य कोण, एवढेंच ठरविण्यासाठीं ही परीक्षा योजिलेली होती. परंतु कचेरींतील कारकुनीस, पेढीवरील नोकरीस, फार काय लग्नाच्या बोलण्यांतहि मॅट्रिकची विचारणा होऊं लागली. ज्यांस कॉलेजाचें तोंडहि पाहावयाचें नव्हतें त्या हजारों मुलांची योग्यता कॉलेजाच्या उंबरठ्याच्या मापानें मोजली गेली. १९४९ सालीं एस. एस. सी. परीक्षा सुरू करतांना हा गोंधळ मिटविण्याचा विचार होता. तो मिटला असें आमच्या तीस-पस्तीस वर्षांच्या मास्तरकींत तरी आम्हांस दिसलें नाहीं.

आतां ज्यांचे ग्रंथ आपण सर्व नित्य हाताळतों त्या दीक्षितांकडे वळूं. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे १८५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड गांवीं जन्मले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत ते शिक्षक म्हणून तयार झाले, मॅट्रिक उतरले, आणि पुढें शाळा-शाळांतून मास्तरकी केली. विद्यापीठाची पदवी त्यांजपाशीं नव्हती. फ्लीट यांनीं गुप्तांच्या शिलालेखांचा ग्रंथ १८८८ सालीं प्रसिद्ध केला, त्यांतील तिथिवारांचें गणित या शाळामास्तरानें करून दिलें होतें; गुप्तशकाचा प्रारंभ इ. स. ३१९-२० या सुमारास ठरला, त्यास या गणिताचा आधार आहे. सिवेल यांजबरोबर लिहिलेला त्यांचा इंग्रजी पंचांगविषयक ग्रंथ १८९६ सालीं निघाला. शकमितीचा सन काढण्यास तो किती जणांनीं उघडला असेल याची गणती नाहीं. त्याच सालीं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' छापून निघालें. हा ग्रंथ मुळांत दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकासाठीं लिहिलेला. म्हणजे श्रावणमासच्या त्या जुन्या दक्षिणेनें अखेरीस एका मराठी मास्तराची परीक्षा घेतली, ती तीन तासांची नव्हे, वर्षानुवर्षांची. दोनच वर्षांनीं, १८९८ सालीं, दीक्षित वारले. मिरजेस संस्कृत शिकवीत पटवर्धनी दप्तरें उजेडांत आणणारे वासुदेवशास्त्री खरे हेहि पदवीवांचूनचेच.

यावरून कॉलेज व्यर्थ, असें अनुमान काढणें आम्हांस संमत नाहीं. भांडारकरांची पाठचिकित्सा, हस्तलिखितांच्या याद्या करण्याची त्यांची पद्धति, ही केवळ पाठशाळेंत सिद्ध झाली नसती. शिवाय छापील प्रश्नपत्रिका सर्वांस एकच असते आणि उत्तरपत्रिकेवर नांव नसून क्रमांक असतो. जात, कुळ, गुरूचा वशिला यांस त्या क्रमांकामुळें जो आळा बसला तो दक्षिणेच्या परीक्षेंत कधींहि बसला नव्हता. आमची तक्रार मापाविषयीं नाहीं. एकच माप दाण्यालाहि आणि कापडालाहि लावण्याविषयीं आहे.

याचें उदाहरण ताजें आहे. २०२३ सालीं सरकारनें कुणबी नोंदींचा शोध हातीं घेतला, तेव्हां मोडी वाचणारांची वाण सर्वांस जाणवली. पदवीधरांची वाण नव्हती. मोडी वाचणाराची योग्यता ठरवावयाची तर त्याच्यापुढें रुमाल सोडावा, मधलाच एक कागद काढावा आणि वाचावयास सांगावें. ही शलाकापरीक्षाच झाली. मंडळांनीं ती घ्यावी व उतरलेल्यास, तो दहावी नापास असला तरी, दप्तरावर बसवावें.

एक विनंति संग्राहकांस. जुन्या घरांतील रुमालांत मॅट्रिकच्या व व्हर्नाक्युलर फायनलच्या प्रश्नपत्रिका, शाळांचे पट, निकालांचीं पत्रकें सांपडतात. पोथी तेवढी उचलून हे कागद रद्दींत घालण्याची चाल आहे. ते ठेवावे, आणि कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं मिळाले तें पाठीमागें पेन्सिलीनें टिपून ठेवावें.