गणपतीच्या गालावरचा रंग जातो कुठे?

गणपतीच्या गालावरची लाली कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे बोट ठेवून सांगता येत नाही. ब्रशने लावलेल्या रंगाला कड असते, स्प्रे गनने मारलेल्या रंगाला ती नसते. श्रावणात मालवण, कुडाळ किंवा वेंगुर्ल्याकडच्या एखाद्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या जागी डोकावा. कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत असतो, मूर्तिकाराचं बोट गनच्या खटक्यावर, मनगट सारखं हलतं आणि सोंडेच्या वळणावर सावली चढत जाते. मूर्तीला हात लागत नाही, तरी रंग बसतो. बघणाऱ्याला जादू वाटावी असंच ते असतं, आणि त्यामागचं गणित जादूहून अजब आहे.

एक मिलिलिटर रंग घ्या. त्याचा एकच गोल थेंब केला तर बाहेरचा पृष्ठभाग भरतो जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर. तोच रंग ५० मायक्रॉनच्या, म्हणजे बारीक केसाच्या जाडीच्या थेंबांत फोडला, तर थेंब होतात सुमारे दीड कोटी! त्यांचा एकूण पृष्ठभाग १२०० चौरस सेंटिमीटर, ए-फोर आकाराच्या जवळजवळ दोन कागदांएवढा. फोडण्याचं काम हवा करते. सुईच्या टोकाभोवतीच्या फटीतून ती सुसाट निघते, तिथला दाब घटतो, कपातला रंग ओढला जातो, त्याचे धागे होतात आणि धागे तुटून थेंब. नळाची बारीक धार खाली येता येता थेंबांत का तुटते, याचं गणित लॉर्ड रॅली यांनी १८७८ च्या सुमारास मांडलं होतं. गनच्या तोंडाशी हा खेळ डोळ्याला दिसणार नाही अशा वेगात चालतो. गालावर हे थेंब विरळ होत जातात, म्हणून लालीला कड राहत नाही.

पण सगळे थेंब गालावर पोचत नाहीत. जास्त दाबाच्या साध्या गनमध्ये बरेचदा निम्म्याहून अधिक रंग वस्तूवर बसतच नाही. काही जमिनीवर पडतो, काही भिंतीवर. सर्वांत बारीक थेंब मात्र लगेच कुठेच पडत नाहीत. स्थिर हवेत ५० मायक्रॉनचा थेंब छातीच्या उंचीवरून २० सेकंदांत खाली येतो, १० मायक्रॉनच्या थेंबाला आठेक मिनिटं लागतात आणि ५ मायक्रॉनच्या थेंबाला अर्धा तास. त्यातलं पाणी वाटेत उडून गेलं की तो आणखी लहान होतो आणि आणखी रेंगाळतो. म्हणजे कॉम्प्रेसर बंद करून, तोंडावरचा रुमाल सोडून मूर्तिकार तिथेच चहा घ्यायला बसतो, तेव्हाही रंग हवेत असतोच. मोठे थेंब नाकात अडकतात. हे बारीक थेंब थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत उतरतात.

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो गावी, ॲलन डेव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध नीट पोचावं म्हणून त्यांनी १८८० च्या दशकात फवारा तयार केला. त्यांचा मुलगा थॉमस याने त्याच तत्त्वावर १९०७ मध्ये रंगाची गन बनवली. माणसाच्या आत शिरण्यासाठीच घडवलेलं हे यंत्र. पुढे त्यात औषधाऐवजी रंग भरला, एवढंच.

‘पाण्यातलो रंग तो, काय होणा नाय,’ असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. थिनरचा वास झोंबतो म्हणून त्याची भीती वाटते, पाण्याचा रंग बिनवासाचा म्हणून तो सोज्वळ ठरतो. स्पेनमधल्या आल्कॉय भागात १९९२ मध्ये काय घडलं, ते इथे सांगायलाच हवं. कापडावर नक्षी उमटवायचा एक रंग होता, मुळात ब्रशने किंवा स्पंजने लावण्याचा. तिथल्या कारखान्यांत तो फवारला जाऊ लागला. कामगारांची फुप्फुसं घट्ट होत गेली आणि सहा जण दगावले. नंतर प्राण्यांवरच्या चाचण्यांत दिसलं, की पोटात गेल्यावर फारसं बिघडवत नसलेलं रसायन फुप्फुसात गेल्यावर अत्यंत विषारी ठरतं. डब्यावर ‘सुरक्षित’ लिहिलेलं असलं, तरी ते कशाने लावण्यासाठी लिहिलंय, हे विचारायला हवं.

आपल्या कोकणात तर ऋतूच उलटा. रंगकामाची घाई श्रावणात, आणि नेमकी तेव्हाच पावसाची झड आत येऊ नये म्हणून खिडक्यांना प्लास्टिक लावलेलं, दार लोटलेलं. ओली मूर्ती सुकावी म्हणून हॅलोजनचे दिवे पेटवलेले. अशा खोलीत सोनेरी रंगासाठी थिनर उघडला की त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि कोपऱ्यातल्या तापलेल्या दिव्यापर्यंत किंवा कॉम्प्रेसरच्या स्विचपर्यंत मुकाट पोचते. माझं स्पष्ट मत आहे, की थिनर आणि हॅलोजन एका खोलीत असूच नयेत, मग मूर्ती एक दिवस उशिरा सुकली तरी चालेल.

बाकी उपाय महागडे नाहीत. वारा रंगवणाऱ्याच्या पाठीकडून यावा आणि मूर्तीपलीकडून बाहेर जावा. म्हणजे पंखा मूर्तीच्या मागे, माणसाच्या मागे नव्हे. थिनर असेल तर साधा घरगुती एक्झॉस्ट पंखा नको, त्याची ठिणगी पुरते. ओल्या रुमालाने मोठे थेंब अडतात, बारीक नाही. पाण्याच्या रंगाला किमान एन-९५ मास्क हवा, पण तो वाफ अडवत नाही. थिनरसाठी कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो, आणि दाढी असली तर तोही चेहऱ्यावर नीट बसत नाही. लाली चढेल एवढाच दाब ठेवावा. दाब वाढवला की धुकं वाढतं आणि रंग वाया जातो. कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साठतं, ते रोज काढावं, नाहीतर टाकी आतून गंजते.

भिंती रंगवणाऱ्या एअरलेस यंत्राची बात मात्र वेगळी. तिथे दाब २०० बारच्या आसपास असतो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास शंभरपट. तुंबलेल्या नोझलवर बोट धरलं तर रंग कातडी भेदून आत जातो. वर दिसतो तो टाचणी टोचल्यासारखा ठिपका, दुखतंही थोडंच. काही तासांत बोट सुजून काळं पडतं आणि अनेकदा कापावं लागतं. म्हणून आधी दाब सोडायचा, मगच नोझलला हात लावायचा. आणि तसं झालंच, तर दवाखान्यात ‘टोचलं’ न म्हणता ‘दाबाने रंग आत गेलाय’ असंच सांगायचं, त्याच मिनिटाला.

यंदा शाळेत पाट पोचवायला जाल, तेव्हा पोरांना गनसमोर बसवू नका. त्यांना रंगकाम दारातून बघू द्या. आणि मूर्तीची ऑर्डर जरा लवकर द्या, म्हणजे शेवटच्या आठवड्यात बंद खोलीत रात्र-रात्र गन चालवायची वेळ त्या माणसावर येणार नाही.